सासूबाईंना त्यांचं गाव कुणी विचारलंच नव्हतं

मंडळी, आज सकाळचं तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी मुलगी रेवा कॅनडात शिकते. तिच्या शहरातली कृष्णवर्णीय लोकांची जुनी वस्ती फार पूर्वी पाडली गेली. त्या वस्तीच्या आठवणींचा कार्यक्रम तिने व्हिडिओ कॉलवर दाखवला. एक वयस्कर बाई हाताने काढलेल्या नकाशावर बोट ठेवून कुणाचं घर कुठे होतं ते सांगत होत्या आणि शाळेतली मुलं लिहून घेत होती.

सासूबाई शेजारीच होत्या. त्यांचं माहेर उलव्याजवळ, आता विमानतळाच्या जागेत गेलेलं.

"ती काय सांगते गो?"

मी सांगितलं.

"आमचं पन गाव गेलं. मना कोनी इचारलंच नाय."

बावीस वर्षं मी त्यांच्यासोबत राहतेय. मीही विचारलं नव्हतं. फार लाज वाटली.

जुन्या कॅलेंडरची मागची बाजू घेतली. "आई, पहिलं घर कुणाचं?"

दुपारपर्यंत एकतीस घरं आणि मिठागराची वाट काढून झाली. विहिरीपाशी आल्यावर त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. "हितं माजी आय पानी भरायची," म्हणाल्या आणि स्वतःच्या हाताने तिथे गोल काढला.

तुमच्या घरी असं कुणाला विचारायचं राहिलंय?