चंद्रव्वाच्या खेपा

गॅसवर चहा उकळत होता, कानात ऑफिसचा कॉल चालू होता, आणि दार वाजलं. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"मिरच्या राहिल्या की रे," म्हणत शेजारची चंद्रव्वा थेट फ्रीजकडे गेली. तिचा फ्रीज बंद पडल्यापासून तिचं दूध, दही, भाजी सगळं संघपालकडे असायचं. आई गेल्यानंतर भवानी पेठेतल्या त्या दोन खोल्यांत तो एकटाच. फ्रीज निम्मा रिकामा.

"मावशी, दुधाबरोबरच न्यायच्या ना मिरच्या."

"फोडणी टाकताना आठवतंय बग. आणि तू काय करतोस रं, दिवसभर त्या पडद्यापुढं?"

कॉल संपल्यावर त्यानं सांगितलं. कंपनीचा प्रोग्राम मुंबईत, माहितीचा साठा सिंगापूरला. दोनशे ऑर्डरींची यादी दाखवायची, तर प्रोग्राम एकेका ऑर्डरीसाठी समुद्रापार जाऊन यायचा. एक खेप पापणी लवेपर्यंत व्हायची, पण दोनशे खेपा होईस्तोवर पान उघडायची वाट बघून माणूस कंटाळायचा. आता संघपाल मागणीच अशी लिहीत होता, की सगळं एका खेपेत यावं.

"म्हंजे माज्यासारकाच येडा हाय की तुजा प्रोग्राम!" चंद्रव्वा खळखळून हसली.

"मग तुम्हीपण काय लागेल ते ठरवून एकदाच न्या. गुडघ्यांना तेवढाच आराम."

दुसऱ्या सकाळी ती वेताची बुट्टीच घेऊन आली. दूध, दही, मिरच्या, लिंबू, कोथिंबीर, दिवसभराचं सगळं फ्रीजमधून तिच्यात भरलं. "बग, एक खेप!" बुट्टी उचलून दाखवली आणि गेली.

त्या दिवशी दार पुन्हा वाजलं नाही. त्याच्या पुढच्याही दिवशी, सकाळच्या एका खेपेनंतर, नाही. कंपनीचं पान आता दोन सेकंदांत उघडत होतं. कॉलवर कुणीतरी 'ग्रेट जॉब' म्हणालं. कोण, ते कळलं नाही, कॅमेरे सगळ्यांचेच बंद. दुपारी कुकरच्या शिट्ट्या मोजताना तो त्या मोठ्यानं मोजतोय, हे त्याच्या लक्षात आलं. फ्रीज उघडून बघितला. त्या दिवशी लागणारं काहीच चंद्रव्वा मागे विसरली नव्हती.

पाचव्या सकाळी ती भरलेली बुट्टी घेऊन निघाली, तेव्हा त्यानं वरचं लिंबू उचललं आणि परत फ्रीजमध्ये ठेवलं.

"आरं, मला लागतंय की ते!"

"लागेल तेव्हा या," संघपाल म्हणाला. "मावशी, पहिल्यासारखं एकेक न्यायला येत जा."