चाकामागचा दगड

पहिल्यांदाच स्वतः गाडी चालवून कोकणात जायचं ठरवलं आणि राहायला खोली घेतली ती टेकडीच्या टोकावरची. फोटोत समुद्र दिसत होता, चढ दिसत नव्हता. बुकिंग झाल्यावर मालक फोनवर म्हणाले, "शेवटचा चढ जरा उभा आहे, पण गाडी येते." गाडी येईल हो, मी येईन का? चढावर थांबून पुन्हा निघालो की माझी गाडी आधी मागे जाते. दोनदा रद्द करायला फोन उचलला. पण मुलीने पोहायचे कपडे भरून पिशवी दाराशी आणून ठेवलेली.

मग आठवडाभर रोज सकाळी बदलापूरहून बारवी धरणाकडच्या एका चढावर सराव केला. तिथे एक म्हातारी करवंदं विकायला बसायची. पहिल्याच दिवशी गाडी तिच्या पाटीकडे घसरली. ती ओरडली नाही. उठली, मागच्या चाकाला दगड लावला आणि जाऊन बसली. पुढे मी दिसलो की ती आधी पाटी लांब सरकवायची, मग दगड जवळ ओढायची.

शेवटच्या दिवशी पाचातले तीन चढ जमले. मी ऐटीत म्हणालो, "मावशी, उद्या निघतो!"

"संगं कोन?"

"बायको, मुलगी."

तिने दगड उचलला, माझ्या शेजारच्या सीटपुढे ठेवला आणि म्हणाली, "यो बायकोजवळ दे. तुझ्या भरवशावर बसू नको म्हनावं."