निर्मनुष्य माळावरची हळद

पुण्याहून निघताना माझ्याकडे एक नकाशा, एक जीपीएस आणि गरजेपेक्षा बराच जास्त आत्मविश्वास होता. हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा चारदोन वर्षंच झाली होती. तिथल्या बाजारगावांचा कचरा टाकायला जागा शोधायचं काम आमच्या कचेरीकडे आलं होतं. पाणी, माती, उतार, वस्तीपासूनचं अंतर यांतल्या कशाला किती महत्त्व द्यायचं, हे ठरवायला तज्ज्ञ बोलावले. मातीवाले आणि पाणीवाले इतके भांडले, की चहा आल्यावरच दोघांना सारखे गुण मिळाले. मग संगणकाने सगळे थर एकावर एक रचून एक हिरवागार डाग दाखवला : सर्वांत योग्य जागा, निर्मनुष्य माळ. वस्त्यांचे ठिपके जुन्या नकाशावरून मीच उतरवले होते, म्हणजे शंकाच नको!

"एकदा जाऊन फोटो काढून आण," साहेब म्हणाले, "की अहवाल धाडून देऊ."

सेनगावहून गोरेगावला जाणाऱ्या जीपमध्ये माझा एक पाय आत होता, दुसरा बहुधा शेजारच्या तालुक्यात. बाजूच्या आजोबांनी जीपीएसकडे बोट केलं.

"मोबाइल हाय व्हय?"

"नाही. हे उपग्रहाशी बोलतं."

"अन् घरी बोलता येत न्हाई?"

"नाही."

"मंग काहून आणलं?"

गोरेगावपासून पुढे पायी निघालो. काळी माती संपून मुरूम लागला. पळस फुलला होता म्हणे. मी पाहिला नाही, माझे डोळे यंत्रावर. 'पोहोचलात' अशी पिपाणी वाजली आणि त्याच क्षणी पायांखालून काहीतरी गडगडलं. मी दाणकन बसलो, तो थेट शिजवून वाळत घातलेल्या हळकुंडांवर.

समोर अख्खा तांडा (बंजारा वस्ती) उभा होता. घरं, शेळ्या, हापसा आणि कमरेवर हात ठेवलेली एक याडी (आई).

"डोळे हायेत का बटनं?" ती कडाडली. मग माझा पिवळा अवतार पाहून फिसकन हसली. "हळद तर लागली. नवरी कुठं हाय?"

तांड्याच्या नायकांनी (प्रमुखांनी) मला बाजेवर बसवलं. मी कामाचं सांगितलं, तसं हसू थांबलं.

"म्हंजे कचरा इथं?"

"नकाशावर... इथं कोणी राहत नाही."

"माजा जल्म इथला. मंग आमी कुठं राहून राहिलो?"

याडीने भाकरीचं ताट पुढे सरकवलं. "आधी जेवा. नसलेल्या मान्साच्या हातची भाकर कशी लागती, बघा."

ठेच्याने डोळ्यांतून धार लागली. "रडू नगा," नायक म्हणाले, "अजून कचरा आला न्हाई."

निघताना मात्र ते हसले नाहीत. "साहेब, आमचा बी एक ठिपका टाका. लेकरं हायेत इथं."

पुण्यात परतल्यावर पहिला तो ठिपका टाकला. हिरवा डाग क्षणात गेला. साहेबांचा चेहराही उतरला, कारण तयार अहवाल बोंबलला होता. फोटो चाळत ते म्हणाले, "हंगामी लोक असतील. असं कर, वस्तीच्या अंतराचं महत्त्व जरा कमी करून बघ. जागा पुन्हा हिरवी होईल."

होणार होती, यात शंका नव्हती. संगणक बिचारा सांगू तसं ऐकतो. मी मात्र उभा राहिलो आणि साहेबांकडे पाठ केली. मुद्दाम तीच पँट घालून गेलो होतो. तीनदा धुऊनही बुडावरचा पिवळा डाग हटला नव्हता.

"साहेब, हळद लावायची, राखायची, काढायची, शिजवायची म्हणजे वर्ष मोडतं. हंगामी माणूस हळद लावत नाही."

साहेब बराच वेळ माझ्या बुडाकडे बघत राहिले. इतक्या बारकाईने त्यांनी माझा एकही नकाशा पाहिला नव्हता. मग म्हणाले, "दुसरी जागा शोध. आणि या वेळी खाली बघून चाल."

ती पँट अजून कपाटात आहे. बायको तिचं पोतेरं करायला मागते. मी देत नाही. संगणकात ठिपका मी नंतर टाकला खरा. पण त्या तांड्याचा पहिला ठिपका या पँटवरच पडला होता.