सायलेन्सरवरचा थेंब

सकाळी तोंड धुण्याआधी एर्मिदेस कुएरो मोटारसायकल थोडी चालवून बंद करत आणि तेलाची काडी ओढून बघत. तेल दोन बोटांत चोळत, हुंगत. मग एक थेंब तापलेल्या सायलेन्सरवर टाकून कान जवळ नेत. थेंब गप्प राहिला तर तेल चांगलं. चुरचुरला तर आत पाणी. पावसात स्वतःची टोपी टाकीच्या झाकणावर ठेवत आणि आपण भिजत. बोगदा आला की बोलणं थांबवत. सगळ्या गावाचे ते तियो, म्हणजे काका.

आमच्या गावाला रस्ता नाही. जुन्या रुळांवर लाकडी गाडा, त्याला दोरानं बांधलेली मोटारसायकल, तिचं मागचं चाक रुळावर. असे आम्ही हमरस्त्यापर्यंत जातो. सहा किलोमीटर. तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही. आतली ओल उडून न जाता तेलात मुरते. म्हणून दर रविवारी तियो मोटारसायकल सोडवून हमरस्त्यावर दोन तास पळवून आणत. "म्हातारीला ऊन दाखवून आणतो," म्हणत.

गेले दोन रविवार ते तापानं पडून होते.

मंगळवारी माझी शाळेत मुलाखत होती. हमरस्त्यावरून बुएनाव्हेंतुरा शहराची बस आठला. काडीवरचं तेल दुधाच्या कॉफीसारखं दिसत होतं. थेंब चुरचुरला.

"अर्धा तास दे, पोरा. तेल बदलतो."

"तियो, बस जाईल. सहा किलोमीटर तर जायचंय."

"साहित्याची पदवी घेतलीस, आणि एका थेंबाचं बोलणं कळत नाही?"

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, मास्तर नंतर हो, आधी मला बाहेर काढ."

मी घड्याळ बघितलं. मी बघितलं हे त्यांनी पाहिलं. हातातला पाना खाली ठेवला.

बोगद्याच्या मध्यावर इंजिन खडखडलं आणि जाम झालं. गिअर अडकला, क्लचही सुटेना. आम्ही ढकललं. गाडा तसूभर हलला नाही.

मालगाडी आठवड्यातून एखाद्या वेळी येते. वेळ ठरलेली नसते. ती आली की गाडा उचलून बाजूला ठेवायचा. बोगद्यात बाजू नाही.

आधी तळपायांना रूळ थरथरताना कळला. मग मागून भोंगा.

"पळ."

"तुम्हीपण चला!"

"दोराच्या दोन गाठी सोडल्या की गाडा हलतो. तू पळ रे, शहाण्या!"

आमच्याकडे रुळावर गाडा टाकून कुणी पळत नाही. पळालेल्याच्या गाड्यात पुन्हा कुणी बसत नाही. हे मला माहीत होतं.

मी पळालो.

बाहेर येऊन दगडाला चिकटलो. आत मालगाडीचे ब्रेक किंचाळत होते, खूप वेळ. मग माणसांचे आवाज आले. त्यांत तियोंचा नव्हता. एक गाठ सुटलेली होती, असं नंतर कळलं.

दफन झाल्यावर त्यांच्या पडवीत गेलो. जुनं तेल काढायला ठेवलेली परात कोरडी होती. शेजारी पाना. नव्या तेलाच्या डब्याचं सील फोडलेलं होतं, आणि नरसाळं त्याच्या तोंडात तसंच उभं होतं.