अहो, दार लावा

क्लचचा जळका वास आला आणि सून चालवत असलेली गाडी बिबवेवाडीच्या चढावर बंद पडली.

याच चढावर कित्येक वर्षांपूर्वी माझ्याही हातून गाडी बंद पडली होती. बॉनेटवर पूजेचा झेंडूचा हार तसाच होता, त्यामुळे आमचा नवखेपणा लपत नव्हता. मागे हॉर्नचा कल्लोळ. एक स्कूटरवाले काचेशी वाकून म्हणाले, “मुक्काम इथेच का?” शेजारी बसलेल्या ह्यांनी दार उघडलं. “सरक, मी घेतो.”

“अहो, दार लावा,” मी म्हणाले. हँडब्रेक ओढला, चावी फिरवली, क्लच सावकाश सोडला. गाडी चढली. ह्यांचा माझ्यावर भरवसा नाही, हा राग मी बरीच वर्षं जपला.

आज मागे हॉर्न सुरू झाले, तसा माझाच हात दाराकडे गेला; दार अर्धं उघडलंही.

“आई, दार लावा,” सून म्हणाली.

मी लावलं.