काचेवर जाणारी हवा

माझ्या जुन्या विलायती गाडीच्या हीटरच्या झडपा इंजिनच्या व्हॅक्यूमवर उघडतात. तो व्हॅक्यूम बारीक रबरी नळ्यांतून डॅशबोर्डमागे पोचतो. एखादी नळी चिरली की पायांवर यायची गरम हवा समोरच्या काचेवर जाते. बंगळूरच्या डिसेंबरात तेवढ्याने काही अडत नाही, पण अण्णांना, माझ्या वडिलांना, ते खपायचं नाही.

दर रविवारी ते के. आर. पुरमहून बस बदलत सर्जापूर रोडला माझ्याकडे यायचे आणि खाली पार्किंगमध्येच डॅशबोर्डखाली डोकं घालायचे. "गप्प बस. तिला बोलू दे." कुठून तरी बारीक फुस्स ऐकू यायचं. तिथली नळी काढून ते टोक जिभेवर धरून हवा ओढायचे. चिकटून राहिली तर शाबूत. एक बदलली की दुसरी चिरायची. "तुझी गाडी म्हणजे दमेकरी म्हातारी," असं म्हणत वर येऊन कॉफी प्यायचे.

मला ते रविवार जड व्हायला लागले. हे लिहिताना लाज वाटते. मी गॅरेजमधून सगळ्या नळ्या एकदम नव्या बसवून घेतल्या आणि फोनवर उत्साहाने सांगितलं, "अण्णा, आता तुम्हाला त्रास नाही."

ठीक आहे म्हणताना त्यांचं नेहमीचं कानडी आलं. "सरी. बरं झालं."

त्यानंतर ते आले नाहीत. मीही गेलो नाही. फोन केला तर "हो, हो" म्हणून ठेवून द्यायचे. मला वाटायचं, रागावलेत.

या डिसेंबरात राहवलं नाही. ग्लव्ह बॉक्समागची एक नळी मी स्वतःच उपटली आणि मेसेज केला, हवा परत काचेवर जातेय. रविवारी अण्णा टॉर्च घेऊन हजर.

इंजिन सुरू केलं. फुस्स मला ड्रायव्हरच्या सीटवरूनही ऐकू येत होतं. अण्णांनी एक कान डॅशबोर्डला लावला, मग दुसरा.

"स्वल्प रेस कर की."

"करतोय, अण्णा."

"काय?"

तेव्हा मला कळलं, त्यांना ऐकूच येत नव्हतं; फोनवरचा तो राग नव्हता. नळी कुठे आहे ते माहीत असून मला सांगता येईना. ते एकेक नळी जिभेला लावत सरकत राहिले. शेवटी हात ग्लव्ह बॉक्समागे गेला. टॉर्चखाली त्यांनी ते टोक नीट पाहिलं.

"ही चिरलेली नाही. काढलेली आहे."

माझ्याकडे न बघता त्यांनी ती बसवली, अंगठ्याने घट्ट दाबली. "नुसतं 'या' म्हणायचंस."

मला काहीतरी बोलायचं होतं. पण ते ओरडून बोलावं लागलं असतं, आणि पार्किंगमध्ये माणसं होती.

कॉफीला ते वर आले नाहीत. मी त्यांना सोडायला निघालो. फ्लायओव्हर चढताना इंजिनवर जोर आला तरी गरम हवा आमच्या पायांवरच येत होती. घरापाशी उतरताना त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला. "छान झालीय गाडी. आता हिच्यात करण्यासारखं काही उरलं नाही."

"पुढच्या रविवारी या," मी म्हणालो, नेहमीच्याच आवाजात. तोवर ते पाठमोरे झाले होते.