तिच्या सीटचा पट्टा

फेब्रुवारीतला तिसरा रविवार. रक्कम सव्वीस हजार चारशे रुपये. हजर: मी, माझे साडू, माझी मुलगी आणि नाना पेठेतला दुकानदार. तो आमच्याकडे न बघता म्हणाला, "हात लावायचा तर ठरवून लावा. मळले की ते तुमचे."

मळणार होते ते हार्नेस, म्हणजे गाडी कितीही आपटली तरी माणसाला सीटशी जखडून ठेवणारे पट्टे. साडूंकडे एक जुनी उघडी जीप आहे. दर महिन्याला ते ती शहराबाहेरच्या डोंगरउतारांवर, दगडधोंड्यांतून चालवायला नेतात. आजवर जीपमध्ये ते एकटेच असायचे. यंदा माझ्या मुलीने शेजारी बसून वाट सांगायचं कबूल केलं. हार्नेस नसेल तर गाडी उतारावर सोडायची नाही, असा त्यांच्या जीपवाल्यांच्या मंडळाचा यंदापासून नियम आहे.

मुलगी चोवीस वर्षांची, खराडीत नोकरीला. विश्रांतवाडीहून तिला कारने सोडायला मी रोज तयार असतो. ती म्हणते, "बाबा, तुम्ही चाळीसच्या वर जात नाही, मी रिक्षाने जाते." आणि ज्या माणसाने दोनदा जीप उलटी केली आहे, त्याच्या शेजारी बसायला ती रविवारी पहाटे उठणार. मला ती तुम्ही म्हणते, त्यांना "काका, तू". बायकोपाशी एकदा हे बोललो. ती म्हणाली, "अहो, मग तुम्हीही घ्या एक जीप."

जीप घेणार नव्हतोच. पण पट्टे कोणते असावेत हे मी आठवडाभर वाचून गेलो होतो. साडूंनी चार पट्ट्यांचे लाल हार्नेस उचलले, कारण जीप लाल. मी म्हटलं, "पाच पट्ट्यांचे घ्या. पाचवा मांड्यांमधून येतो. तो नसला की जोरात आपटल्यावर माणूस कमरेच्या पट्ट्याखालून घसरतो."

"साडूभाऊ, हे पोट बघा. घसरून घसरून जाणार कुठे?"

मुलगी खळखळून हसली. माझ्या कुठल्या बोलण्यावर ती अशी हसली आहे, ते मी आठवू लागलो. आठवेना.

शेवटी पाच पट्ट्यांचेच घेतले, लेबलावरची मुदत वाचून. लाल रंगात ते नव्हते, निळे मिळाले. साडू दोन्ही संचांचे पैसे द्यायला लागले, तेव्हा मी एका संचाचे तेरा हजार दोनशे वेगळे दिले.

"तिच्या सीटचे माझे."

"अहो, ती काय मला परकी आहे?"

"नाही ना. म्हणूनच."

दुपारी बिबवेवाडीत, साडूंच्या घरामागच्या वेल्डरकडे गेलो. साडूंचं म्हणणं, खांद्यांवरचे पट्टे सीटमागे गाडीच्या तळालाच बोल्टने बसवू, काम स्वस्तात होईल. मी अडवलं. तसे बसवले तर धक्का बसताच पट्टे खांद्यांना खाली ओढतात आणि सगळा भार मणक्यावर येतो. सीटमागे आडवी नळी हवी, खांद्याच्या उंचीला किंवा किंचित खाली, आणि पट्टे तिला अडकवायचे. हे त्यांनी मानलं. वेल्डर म्हणाला, "बसा मग. माप घेतो."

चालकाच्या सीटवर साडू बसले. शेजारच्या सीटवर मी बसलो. मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलगी बॉनेटला टेकून उभी होती. मला त्या सीटवर बसून एकदा बघायचं होतं, तिथून असं काय दिसतं. दिसला तो साडूंचा डावा कान.

आम्हा दोघांची उंची जवळपास सारखी. वेल्डर खूश झाला, "एकच सरळ नळी चालेल, साहेब." नळी जोडली. कमरेच्या पट्ट्यांचे बोल्ट तळाखाली जाड लोखंडी पट्टी देऊन आवळले. मी टेप लावून सगळं तपासलं. मापात कुठेही चूक नव्हती.

मग मुलगी बसली. नळी तिच्या मानेमागे आली. खांद्यावरून पट्टा मागे चढत जात होता. कितीही आवळला तरी खांदा आणि पट्टा यांच्यामधून माझी तीन बोटं सहज जात होती. पहिल्याच दगडाला तो खांद्यावरून निसटला असता.

"बसणार मी आणि मापं तुमची?" ती म्हणाली. "काका, तू तरी विचारायचंस!"

त्यांनाही बोलणी बसली म्हणून मला क्षणभर बरं वाटलं. मग ते 'तरी' टोचलं. म्हणजे माझ्याकडून तिची अपेक्षाच नव्हती.

साडू म्हणाले, "त्यात काय, जाड उशी घाल खाली."

"उशी दबते," मी म्हटलं. "दबली की पट्टा सैल."

"उशी नको," मुलगी वेल्डरला म्हणाली. "सीटखाली तीन इंचांची लोखंडी चौकट करा. मला बॉनेटपलीकडचा उतारही दिसेल. आणि माप मी बसल्यावर घ्या."

त्याने दोन हजार शंभर सांगितले. साडूंचा हात खिशात गेला, माझाही. मी चष्मा शोधेपर्यंत वेल्डरच्या टेबलावरचा डबा मोठ्याने बोलला की पैसे जमा झाले. मुलीने दिले होते, स्वतःच्या पगारातून.

"आता ही सीट माझी," ती म्हणाली. "कोणी बसायचं नाही."

अंधार पडायच्या आत चौकट बसली. कमरेचे पट्टे ती बसलेली असताना पुन्हा लावले. या वेळी खांद्यावरचा पट्टा सपाट टेकला. साडूंनी ओढून बघितला. त्यांचं झाल्यावर मी ओढून बघितला, त्यांच्यापेक्षा जोरात. "बाबा, बास, श्वास घेऊ द्या," ती म्हणाली. मी एक बोट घालून पाहिलं, जात नव्हतं. मग सोडला.

समोर चहाची टपरी होती. "चहा माझ्याकडून," असं साडू रस्ता ओलांडता ओलांडता म्हणत होते. ते पोहोचायच्या आधी मी पोहोचलो होतो. तीन चहांचे साठ रुपये, सुटे, मी दिले, चहावाल्याला.